साथीच्या काळात डॉक्टर-नर्सनाही भीती वाटते का? डॉ. वू लिएन-तेह यांची जीवनकथा

दवाखान्यात खोकणारा रुग्ण आत आला आणि डॉक्टरांनी मास्क वर ओढला, की काही रुग्णांना ते लागते. डॉक्टर आपल्याला लांब ठेवतात, आपली किळस करतात असे वाटते. याउलट मास्क न लावता जवळ बसून तपासणारे डॉक्टर धीट आणि प्रेमळ वाटतात. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. का, ते समजण्यासाठी सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका डॉक्टरांचे आयुष्य पाहू या.

त्यांचे नाव डॉ. वू लिएन-तेह. साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यांनी आणि सर्वसामान्य लोकांनी श्वसनाच्या आजारापासून बचावासाठी मास्क वापरावा, ही कल्पना मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात आणणाऱ्या पहिल्या डॉक्टरांपैकी ते एक होते. कोविडच्या काळात त्यांचे नाव जगभर पुन्हा निघाले. त्यांची लढाई प्लेगशी, म्हणजे एका जिवाणूशी होती आणि कोविड विषाणूमुळे होतो. पण त्या प्लेगचा प्रकार श्वासातून पसरणारा होता. त्यामुळे तेव्हाच्या डॉक्टरांपुढचे प्रश्न आणि त्यांच्या मनातली भीती आपण २०२० मध्ये पाहिली तशीच होती.

पेनांगच्या सोनाराचा मुलगा

वू यांचा जन्म १० मार्च १८७९ रोजी आजच्या मलेशियातील पेनांग येथे झाला. वडील चीनमधून पोटापाण्यासाठी आलेले सोनार होते. घरात भावंडे पुष्कळ होती. वू अभ्यासात हुशार होते. पेनांगच्या शाळेतून त्यांनी शिष्यवृत्ती मिळवली आणि १८९६ मध्ये ते इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात दाखल झाले. तिथे वैद्यक शिकणारे ते पहिले चिनी वंशाचे विद्यार्थी होते. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात त्यांनी प्रत्यक्ष रुग्णसेवेचे शिक्षण घेतले. पुढे लिव्हरपूलला रोनाल्ड रॉस यांच्या हाताखाली उष्ण प्रदेशातील आजारांचा अभ्यास केला. मलेरिया डासांमुळे पसरतो हे सिद्ध करणारे रॉस ते हेच. जर्मनीत आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी जंतुशास्त्राचे धडे गिरवले.

शिक्षण संपवून वू मायदेशी आले आणि पेनांगला दवाखाना चालवू लागले. त्या काळी तिथे अफूचे व्यसन घरोघरी होते आणि व्यापारही जोरात होता. वू यांनी अफूविरोधी चळवळीत पुढाकार घेतला. त्यामुळे अनेकांचे हितसंबंध दुखावले. पुढे त्यांच्या दवाखान्यात औषध म्हणून ठेवलेल्या अफूच्या थोड्या अर्कावरून त्यांच्यावर खटला झाला आणि त्यांना दोषी ठरवले गेले. त्याच सुमारास चीनमधून लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात काम करण्याचे बोलावणे आले. ते स्वीकारून वू तिआनजिन शहरात गेले.

हार्बिनचे बोलावणे

१९१० च्या डिसेंबरमध्ये चीनच्या ईशान्येकडील मांचुरिया प्रांतातून भयंकर बातम्या येऊ लागल्या. हार्बिन शहराजवळच्या फुजियाडियान वस्तीत माणसे पटापट मरत होती. ताप, खोकला, थुंकीतून रक्त आणि दोन-तीन दिवसांत मृत्यू. आजारी पडलेला माणूस जवळपास कुणीच वाचत नव्हता.

तिथे जाऊन हा आजार काय आहे ते शोधा, असे वू यांना सांगण्यात आले. तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. एक सूक्ष्मदर्शक, प्रयोगशाळेचे थोडे सामान आणि मदतीला एक विद्यार्थी घेऊन ते २४ डिसेंबरला हार्बिनला उतरले. थंडी हाडे गोठवणारी होती, पारा शून्याखाली २५-३० अंशांपर्यंत जात होता.

परिस्थिती समजायला वेळ लागला नाही. त्या वर्षी मार्मोट या प्राण्याच्या कातड्याला चांगला भाव आला होता. खारीच्या कुळातला हा मोठा प्राणी मंगोलिया-मांचुरियाच्या गवताळ भागात बिळे करून राहतो आणि त्याला प्लेग होतो. पैशाच्या आशेने शेकडो नवखे शिकारी तिकडे गेले होते. आजारी जनावर कसे ओळखायचे हे त्यांना ठाऊक नव्हते. थंडी वाढल्यावर ते रेल्वेने शहरांत परतले आणि स्वस्त धर्मशाळांत दाटीवाटीने राहू लागले. दारे-खिडक्या घट्ट बंद, एकाला लागून एक झोपलेली माणसे. त्यातला एकजण खोकू लागला की खोलीतल्या सगळ्यांना लागण होत होती.

२७ डिसेंबरला त्या वस्तीत धर्मशाळा चालवणाऱ्या एका जपानी स्त्रीचा मृत्यू झाला. चीनमध्ये त्या काळी शवविच्छेदनाला परवानगी नव्हती. वू यांनी ते गुपचूप, त्याच घरात केले. फुप्फुसाचे आणि रक्ताचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात प्लेगचे जंतू होते.

ज्ञान होते, पण आजाराचे रूप वेगळे होते

त्या काळी डॉक्टरांना प्लेगविषयी काहीच माहिती नव्हती असे नाही. उलट गेल्या पंधरा वर्षांत ज्ञान पुष्कळ वाढले होते आणि त्यातला मोठा भाग आपल्या मुंबईतून आलेला होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७ मध्ये डॉ. हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली. उंदराच्या अंगावरच्या पिसवा चावून प्लेग माणसाला होतो, हेही भारतातल्या संशोधनातून पक्के झाले होते.

हे ज्ञान खरे होते, पण ते गाठीच्या प्लेगचे होते. त्यात काखेत किंवा जांघेत गाठ येते आणि आजार पिसवांमार्फत पसरतो. हार्बिनमध्ये प्लेगचे दुसरे रूप होते. जंतू थेट फुप्फुसात शिरत होते आणि खोकल्याच्या तुषारांतून एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात होते. त्या कडाक्याच्या थंडीत पिसवांमार्फत एवढी साथ पसरणे शक्य वाटत नव्हते. रुग्णांच्या अंगावर गाठीही दिसत नव्हत्या. उंदरांचा येथे संबंध नाही, आजार श्वासातून पसरतो आहे, असे वू यांनी ठामपणे मांडले.

हे पचायला अनेकांना जड गेले. प्लेग म्हणजे उंदीर, हे डोक्यात घट्ट बसले होते. काहींचा भरवसा लशीवर होता, पण फुप्फुसाच्या प्लेगपासून ती भरवशाचे संरक्षण देत नव्हती. साथीत असे वारंवार घडते. कोविडच्या पहिल्या महिन्यांत हा आजार वस्तूंना हात लावून किती पसरतो आणि हवेतून किती, यावर तज्ज्ञांतही मतभेद होते. नवा आजार आला की आपण आधी जुन्या आजाराचीच मोजपट्टी लावतो.

कापूस आणि गॉजचा मास्क

आजार श्वासातून जातो हे मानले की पुढची पायरी उघड होती. नाक आणि तोंड झाकायला हवे. शस्त्रक्रिया करताना काही शल्यविशारद आधीपासून मास्क लावत असत, पण तो रुग्णाच्या जखमेत आपले जंतू जाऊ नयेत म्हणून. वू यांना मास्क हवा होता तो घालणाऱ्याच्याही बचावासाठी.

त्यांनी दवाखान्यात सहज मिळणाऱ्या वस्तू वापरल्या. गॉजची लांब पट्टी घ्यायची, तिच्या दोन थरांमध्ये कापसाची चपटी गादी ठेवायची. पट्टीची दोन्ही टोके कापून बंद करायचे आणि ते डोक्यामागे घट्ट बांधायचे. हा मास्क कुणालाही करता येई, खर्च नगण्य आणि बाजूंनी फट कमी राही. डॉक्टर, विद्यार्थी, शिपाई, आजारी माणसे आणि प्रेते वाहून नेणारे मजूर अशा सगळ्यांनी तो वापरावा, असा त्यांचा आग्रह होता.

आजचा एन-९५ मास्क याच कापसाच्या मास्कपासून थेट तयार झाला असे म्हणता येणार नाही. पण मागचा विचार तोच आहे. हवा थरांतून गाळली गेली पाहिजे आणि मास्क चेहऱ्याला नीट बसला पाहिजे.

ज्यांनी मास्क नाकारला

जानेवारी १९११ च्या सुरुवातीला डॉ. मेस्नी हे फ्रेंच डॉक्टर हार्बिनला आले. ते तिआनजिनच्या वैद्यकीय महाविद्यालयात वरिष्ठ प्राध्यापक होते आणि प्लेगचा त्यांना पूर्वानुभव होता. या मोहिमेचे नेतृत्व आपल्याकडे यावे अशी त्यांची अपेक्षा होती. वू त्यांना भेटायला गेले आणि आजार श्वासातून पसरत असल्याचे त्यांनी समजावून सांगितले. मेस्नी भडकले. एका तरुण चिनी डॉक्टरने आपल्याला शिकवावे, हे त्यांना सहन झाले नाही. त्यांनी वू यांच्या वंशावरून अपमानास्पद भाषा वापरली.

वू तिथून निघून आले. त्यांनी भांडण वाढवले नाही. झालेला प्रकार कळवून त्यांनी राजीनामा देऊ केला. सरकारने वू यांच्यावर विश्वास दाखवला आणि सूत्रे त्यांच्याकडेच ठेवली.

काही दिवसांनी मेस्नी रशियन रुग्णालयात गेले. अंगावर कोट होता, हातात मोजे होते, पण तोंडावर मास्क नव्हता. त्यांनी प्लेगच्या रुग्णांना जवळून तपासले. थोड्याच दिवसांत त्यांना ताप भरला, खोकला सुरू झाला. ११ जानेवारीला त्यांचा मृत्यू झाला.

ही बातमी पसरताच सगळे शहर हादरले. एवढा मोठा डॉक्टर आठवड्याभरात जातो, तर आपले काय? दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावर जवळपास प्रत्येकाच्या तोंडावर मास्क दिसू लागला. तरी कित्येकजण तो ताईत घालावा तसा गळ्यात अडकवून फिरत. २०२० मध्ये हनुवटीवर मास्क लावून फिरणारी माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

मेस्नी यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण मला त्यांच्यात आम्हा डॉक्टरांचा एक नेहमीचा दोष दिसतो. इतकी वर्षे हेच काम केले, मला काय होणार, ही भावना. अनुभवामुळे भीती कमी होते आणि ती कमी झाली की सावधगिरीही सुटते.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. काळजी घेणारे सगळेच वाचले नाहीत. मुकडेन शहरात आर्थर जॅक्सन हा २६ वर्षांचा ब्रिटिश डॉक्टर रेल्वे स्थानकावर मजुरांची तपासणी करत होता. जानेवारीतच प्लेगने त्याचाही बळी घेतला. आजारी माणसे आणि प्रेते वाहून नेणाऱ्या मजुरांमध्ये तर मृत्यू फार झाले. मास्कमुळे धोका कमी होतो, शून्य होत नाही. म्हणून आरोग्य कर्मचाऱ्यांची भीती खोटी नसते. ती खऱ्या धोक्याची जाणीव असते.

भीतीला शिस्त लावली

वू यांनी लोकांना घाबरू नका असे नुसते सांगितले नाही. प्रत्येकाला नेमके काम दिले. फुजियाडियानचे चार भाग केले आणि प्रत्येक भागावर डॉक्टर नेमला. एका भागातून दुसऱ्या भागात जायला बंदी होती. सैन्य आणि पोलीस बोलावले. पथके घरोघरी जाऊन आजारी माणसे शोधू लागली. रुग्ण प्लेगच्या रुग्णालयात आणि त्यांच्या संपर्कातली माणसे रेल्वेच्या रिकाम्या डब्यांत ठेवली. रोज त्यांचा ताप पाहिला जाई. मदतीला इतर शहरांतून डॉक्टर आणि विद्यार्थी आले. चिनी नववर्षासाठी हजारो मजूर गावी निघाले होते, त्यांच्या रेल्वे प्रवासावर निर्बंध आले.

एक मोठा प्रश्न उरला होता. जमीन गोठून दगडासारखी झाली होती, त्यामुळे खड्डे खणता येत नव्हते. स्मशानात दोन हजारांहून अधिक मृतदेह उघड्यावर पडून होते. चिनी समाजात पूर्वजांचे दफन ही अत्यंत पवित्र बाब. दहन करावे असे म्हणणेही पाप. पण ते दृश्य रोज पाहून कर्मचाऱ्यांचे मन खचत होते आणि उंदरांपर्यंत जंतू पोहोचण्याची भीतीही होती. वू यांनी आधी स्थानिक प्रतिष्ठितांना स्मशानात नेऊन परिस्थिती दाखवली, त्यांचा पाठिंबा मिळवला आणि मग पेकिंगला परवानगी मागितली. ती मिळाल्यावर ३१ जानेवारी १९११ रोजी सामूहिक दहन झाले.

ऐन भरात या वस्तीत एका दिवसात १८३ मृत्यू झाले होते. फेब्रुवारीत आकडा उतरू लागला आणि १ मार्चला शेवटच्या रुग्णाची नोंद झाली. मांचुरियात एकूण सुमारे ६० हजार माणसे दगावली होती, पण चार महिन्यांत साथ आटोक्यात आली. त्या वेळी या आजारावर एकही औषध नव्हते हे ध्यानात घ्या.

पुढचे आयुष्य

एप्रिल १९११ मध्ये मुकडेनला ११ देशांच्या तज्ज्ञांची प्लेग परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. वू. पुढे त्यांनी मांचुरियात कायमस्वरूपी प्लेग प्रतिबंधक सेवा उभारली. १९२०-२१ मध्ये साथ पुन्हा आली, तेव्हा सुमारे ९ हजार ३०० मृत्यू झाले. पूर्वीच्या मानाने हा आकडा पुष्कळ कमी होता, कारण या वेळी माणसे शिकलेली होती आणि व्यवस्था तयार होती. १९२६ मध्ये फुप्फुसाच्या प्लेगवर त्यांचा ग्रंथ निघाला. १९३५ मध्ये नोबेल पुरस्कारासाठी त्यांचे नाव सुचवले गेले.

१९३७ मध्ये जपानने चीनवर हल्ला केला, तेव्हा वू मलायात परतले. जगप्रसिद्ध झालेल्या या माणसाने इपोह गावात साधा दवाखाना थाटला आणि वयाच्या ऐंशीपर्यंत रुग्ण तपासले. २१ जानेवारी १९६० रोजी पेनांगला त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे काय घडले?

१९९४ मध्ये बीड जिल्ह्यातून गाठीच्या प्लेगच्या बातम्या आल्या आणि पाठोपाठ सुरतमध्ये फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. सुरतमध्ये खानदेशातून गेलेले मराठी कामगार पुष्कळ आहेत. हजारो माणसे शहर सोडून गावी निघाली. अनेक खासगी दवाखानेही बंद झाले. तोंडाला रुमाल बांधलेली माणसे आणि औषधांच्या दुकानांतून संपलेल्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल, हे माझ्या पिढीला आठवते. वास्तविक तेव्हा प्लेगवर औषध होते. लवकर सुरू केल्यास प्रतिजैविकांनी फुप्फुसाचा प्लेगही बरा होऊ शकतो. औषध होते, पण त्याच्यावर विश्वास ठेवण्याइतकी माहिती वेळेवर पोहोचली नव्हती.

कोविडमध्ये मीही घाबरलो होतो. घरी वयस्कर आई. दवाखान्यातून आल्यावर अंगणातच कपडे बदलायचे आणि महिनोन् महिने वेगळ्या खोलीत जेवायचे. माझ्या ओळखीच्या एका नर्सला घरमालकाने खोली सोडायला सांगितले. आजाराची भीती तिने पचवली, पण लोकांच्या वागण्याने ती रडली. जे आपल्यासाठी धोका पत्करतात त्यांनाच आपण धोका समजू लागतो, हे साथीतले सर्वांत मोठे दुःख आहे.

रुग्ण आणि नातेवाईकांनी काय लक्षात ठेवावे?

- डॉक्टर किंवा नर्सने मास्क लावला तर वाईट वाटून घेऊ नका. तो तुमच्यासाठीही आहे. तुमच्या आधीच्या रुग्णाचा संसर्ग तुमच्यापर्यंत येऊ नये म्हणूनही तो लावलेला असतो.
- ताप, खोकला, प्रवास, घरातले दुसरे आजारी माणूस ही माहिती लपवू नका. आत येण्यापूर्वीच सांगा.
- खोकला असेल तर तुम्हीही मास्क लावा. नाक, तोंड आणि हनुवटी झाकली गेली पाहिजे. ओला झालेला मास्क बदला आणि काढल्यावर हात धुवा.
- घरी श्वसनाचा संसर्ग झालेला रुग्ण असेल तर खोलीची खिडकी उघडी ठेवा. शक्यतो एकाच निरोगी व्यक्तीने शुश्रूषा करावी.
- प्रतिजैविके स्वतःच्या मनाने घेऊ नका, साठवूनही ठेवू नका. विषाणूंवर ती चालत नाहीत.
- वॉर्डबॉय, मावशी, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे चालक यांचा धोका डॉक्टरांइतकाच, कधी त्याहून जास्त असतो. त्यांनाही आदराने वागवा.
- दम लागणे, थुंकीतून रक्त, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे किंवा गुंगी येणे, यांपैकी काहीही दिसल्यास वेळ न घालवता रुग्णालयात जा.
- साथीच्या भीतीने झोप उडाली, सतत धडधड होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येते.

डॉ. वू हार्बिनला गेले तेव्हा त्यांना मृत्यूची कल्पना नक्कीच होती. रोज मास्क बांधून ते वॉर्डात जात, त्याचे कारण धोका त्यांनी ओळखला होता. पुढची साथ कधी येईल हे सांगता येत नाही. ती आली, तर तुमच्या डॉक्टरांना आणि नर्सना थोडी भीती वाटू द्या. तुमच्याजवळ येताना ती त्यांना सावध ठेवते.